माणसाच्या चालीने

ग्रह दिसत नाही.
दावं दिसत नाही, दाव्याला हिसडे देणारं वासरू दिसत नाही,
फक्त धरणाऱ्याचा खांदा
जरासा पुढे, जरासा मागे.
सेकंदाला दीड मीटर.
म्हणजे मिलेन्का युरिच रात्री तीन वाजता
खानावळीकडे चालत जाते, त्या वेगाने
साठ प्रकाशवर्षांवरचा एक सूर्य आमच्याकडे येतो
आणि वीस दिवसांनी त्याच चालीने माघारी वळतो.
मी दुर्बीण वळवतो. ती मोजते.

खानावळीत आधी जाड पडदा, मग दार.
अटाकामाच्या या डोंगरावर उजेड सांडला
तर दूध सांडल्यापेक्षा जास्त बोलणी बसतात.
नोलबेर्तो पुका भट्टीतून पाव काढतो, न वळता विचारतो,
"काय म्हणतंय तुझं एकेचाळीस दिवसांचं वर्ष?"
दोन वर्षं झाली, रोज हेच.
ती म्हणते, "चाललंय." तो सगळ्यात भाजका पाव तिला देतो.

आम्हालाही वाटायचं, घरोघरी मातीच्या चुली.
आत दगडाचे, बाहेर वायूचे, मध्ये सोवळ्यातलं अंतर.
मग एकेक सापडत गेले.
चुलीतच मांडी घालून बसलेले गुरू, चार दिवसांत वर्ष उरकणारे.
थर्माकोलइतके हलके, फुगून बसलेले.
दोन सूर्यांच्या ओढाताणीत नांदणारे,
आणि कुठल्याच सूर्याचे नसलेले, काळोखात भटकणारे.
पण सगळ्यात जास्त ते मधल्या अंगाचे,
पृथ्वीहून थोर, नेपच्यूनहून धाकटे.
गावभर ज्या मापाची भांडी
तेच माप आमच्या फडताळात नाही.

हे कुठून आले, असं नोलबेर्तोने एकदा विचारलं होतं.
मिलेन्काने ओट्यावरच्या पिठात बोटाने तबकडी काढली,
तबकडीत एक रिकामी चरी.
"इथली धूळ कुणीतरी खाल्लीय. कुणी, ते अजून दिसलेलं नाही."
मग म्हणाली, खरी अडचण त्याआधीची.
धुळीचे कण चिकटतात, वाटाण्याएवढे होतात,
आणि पुढे गोट्यांसारखे आपटून उडतात,
किंवा घरंगळत जाऊन ताऱ्यात पडतात.
तिथून डोंगर कसा होतो, यावर आम्ही अजून भांडतो.
तो हात पुसत म्हणाला,
"कोरडं पीठ मळलं जात नाही, दोक्तोरा. पाणी कुठाय?"
ती हसतच सुटली.
पाणी थोडं लांब होतं, बर्फ होऊन.
तिच्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण
त्या बर्फाच्या रेषेवर होतं.

मंगळवारी कळलं.
तारा स्वतःभोवती एकेचाळीस दिवसांत फिरतो.
त्याच्या अंगावर एक डाग आहे, तो समोर येतो, मागे जातो.
हिसडा नव्हता. वासरू नव्हतं.
एकशे सहासष्ट रात्री, आणि तक्त्यातली एक ओळ
तिने स्वतःच्या हाताने खोडली, कारण रकान्यात लिहिलं: डाग.
मी घुमट बंद करत होतो. काय बोलायचं ते सुचलं नाही,
म्हणून वाऱ्याचा वेग मोठ्याने वाचला.

तीन वाजता पडदा, मग दार.
"काय म्हणतंय तुझं..."
"नव्हतंच ते, नोलबेर्तो."
तो वळला. पहिल्यांदाच पाव हातात घेऊन वळला.
बराच वेळ काही नाही, फक्त भट्टीची घरघर.
मग म्हणाला, "तांब्याच्या खाणीत मी नऊ वर्षं होतो.
नुसत्या दगडाचीही नोंद ठेवावी लागायची.
नाही तर पुढचा माणूस पुन्हा तिथेच खणतो."
आणि भाजका पाव नेहमीसारखाच दिला.

बाहेर कोल्हा बसला होता, अर्धा पाव त्याला गेला.
यादीत अजून एकशे बारा तारे.
मिलेन्का परत निघाली, काळोखात, हात खिशात,
मी मागून, तिच्या पावलांनी.
सेकंदाला दीड मीटर.
फार लांबून कुणी आम्हाला मोजत असेल
तर लिहील, हिला काहीतरी ओढतंय.
किंवा लिहील, डाग असेल,
आणखी दोन वर्षं बघू.